मुठीवरचा पोपट

देवगिरीच्या किल्ल्यात चिनी महालाजवळच्या बुरुजावर जी तोफ आहे, तिला आमच्याकडे सगळे मेंढा तोफ म्हणतात. तिचे दरबारी नाव किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. तिच्या अंगावर औरंगजेबाचे नाव फारसीत कोरलेले आहे. पण लोकांनी ते भारदस्त नाव बाजूला ठेवले आणि तोफेच्या मागच्या टोकाला जे मेंढ्याचे डोके घडवले आहे, त्यावरून तिचे बारसे करून टाकले. शाळेच्या सहलीची मुले त्या डोक्यावरून हात फिरवतात, शिंगे धरून फोटो काढतात. मीही लहानपणी तेच केले आहे. पुढे या विषयाच्या नादी लागल्यावर मात्र एक साधी गोष्ट खुपू लागली. मेंढा तोफेच्या तोंडाशी नाही, बुडाशी आहे. शत्रूच्या वाट्याला तोफेचे तोंड येणार. मेंढा दिसणार तो फक्त मागे उभ्या असलेल्या गोलंदाजाला. मग हा मेंढा घडवला कोणासाठी?

शत्रूला घाबरवण्यासाठी प्राणी कोरतात, हे उत्तर शस्त्रांवरच्या बहुतेक पुस्तकांत मिळते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. मेंढ्याला मात्र ते लागू पडत नाही. म्हणून गेली बारा-पंधरा वर्षे, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी मी एक उद्योग करत आलो आहे. जिथे जुने शस्त्र पाहायला मिळेल तिथे त्याच्यावरचा प्राणी कुठे आहे आणि तो कोणाकडे पाहतो आहे, एवढे टिपून ठेवायचे. पाते कोणत्या पोलादाचे, कुठल्या घराण्यातले, कुठल्या लढाईतले, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. प्राण्यांची नजर नोंदवणारे मला फारसे भेटले नाहीत.

या उद्योगाला वळण लागले ते हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी जगभरातून जमवलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय १९५१ साली सुरू झाले. मराठवाड्यातली माणसे तिथले संगीत घड्याळ आणि बुरखा घातलेली रिबेका पाहून परततात. तिथे जपानी दालनही आहे आणि त्यात सामुराईंच्या तलवारी आहेत. त्या पाहून आल्यावर मी जपानी तलवारीच्या साजाविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि माझ्या प्रश्नाचे एक तयार उत्तर तिथे सापडते की काय, असे वाटू लागले.

जपानी तलवारीचे पाते आणि तिचा साज या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. पाते मुठीत अडकवलेले असते ते बांबूच्या एका लहानशा खुंटीने. खुंटी ठोकून बाहेर काढली की मूठ निघते, मुठीपुढची चकती म्हणजे त्सुबा निघते, सगळे सुटे होते. त्यामुळे एकाच पात्याला सणासुदीचा एक आणि रोजचा एक असे दोन पोशाख करता येत. पाते आजोबांचे आणि साज नातवाच्या आवडीचा, असेही होई. लाकडी म्यानावर उरुशी चढवत. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. तो थरांवर थर देऊन चढवायचा, आणि गंमत अशी की तो कोरड्या हवेत नव्हे, दमट हवेत वाळतो. ओल्या थरावर सोन्याची पूड भुरभुरून चित्र काढायचे, त्याला माकिए म्हणतात.

आणि चित्रे कसली? लाटांवरून पळणारे ससे. गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत माशाला दाबून धरू पाहणारा माणूस. ही जुनी झेन थट्टा आहे. जपमाळ घेऊन नामस्मरणाला बसलेला राक्षस. मुंग्या, कोळी, चतुर. चतुर मागे हटत नाही म्हणून तो विजयाचा किडा, पण म्यानावर तो असा बसलेला असतो की हाताने उडवून लावावासा वाटतो. एक प्रकार तर असा की गोष्टीतला माणूसच काढायचा नाही, त्याची टोपी, बासरी किंवा पंखा एवढेच काढायचे. ज्याला कथा ठाऊक असेल त्याने माणूस ओळखायचा. मुठीवर दोरीच्या विणीखाली मेनुकी नावाचे छोटे धातूचे प्राणी दडवलेले असतात. ते अर्धेमुर्धे दिसतात. तळव्याला मात्र पुरते लागतात.

एकोणिसाव्या शतकातल्या शिबाता झेशिनने ही थट्टा टोकाला नेली. त्याचा जन्म १८०७ चा, मृत्यू १८९१ चा. लाकडावर चिकाचे थर असे चढवायचे की ते गंजलेले लोखंड वाटावे, जुने कांसे वाटावे, ही त्याची खासियत. पाहणाऱ्याला वस्तू जड वाटावी आणि उचलावी तर हात वरच जावा. शस्त्राच्या साजाशी इतकी मोठी चेष्टा दुसऱ्या कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

या साऱ्याचे स्पष्टीकरण सर्वत्र एकच दिलेले असते. १६१५ मध्ये ओसाकाचा वेढा संपला आणि त्यानंतर जपानात अडीचशे वर्षे जवळजवळ शांतता होती. तलवार लावायची, पण उपसायची नाही. हत्यार अलंकार झाले आणि अलंकारात खेळ शिरला. तर्क सोपा आहे, पटण्यासारखा आहे, आणि दख्खनला लावला की दोन पावलांत कोलमडतो.

कारण आमच्याकडे शांतता होती कधी? मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. ती पुढे आमच्याच मराठवाड्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. पंचावन्न टनांच्या या तोफेचे तोंड म्हणजे एका अक्राळविक्राळ प्राण्याचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. हत्ती एवढासा आहे, जबड्याच्या कोपऱ्यात सापडलेला. इथे प्राणी शत्रूकडेच पाहतो आणि धाक घालणे हा हेतू उघड आहे. तरी हत्तीचे प्रमाण पाहिले की ओतणाऱ्याच्या ओठांवर थोडे हसू असावे, असे मला दर वेळी वाटते. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ शेजारी शेजारी आहेत. ही सगळी लढाईच्या ऐन धामधुमीतली कामे आहेत, निवांत सरदारांची हौस नव्हे.

खंजिरांकडे वळले की चित्र आणखी स्पष्ट होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला एक दख्खनी खंजीर आहे. तांब्याची मूठ, सोन्याचा मुलामा, त्यात माणके. शेपटीचा विळखा मुठीला घातलेला एक ड्रॅगन सिंहावर तुटून पडला आहे आणि सिंहाने हरिण धरले आहे. जोडीला एक पक्षीही आहे. अशाच घडणीचा खंजीर पहिल्या अली आदिलशहाच्या चित्रात त्याच्या अंगावर दिसतो. हा तोच अली, जो १५६५ च्या मोठ्या लढाईत विजयनगरविरुद्ध उतरला होता. त्याला शांततेतला हौशी राजा कोण म्हणेल? मोगलांकडे जेडच्या मुठींवर घोडा, मेंढा, नीलगाय यांची डोकी आली. शहाजहानचा १६५७ सालचा पांढरा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, त्याची मूठ बोकडाच्या डोक्याची. त्या काळात औरंगजेब आमच्या शहरात सुभेदार होता. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला १६५३ मध्ये त्यानेच आपले नाव दिले होते. बापाच्या पेल्यावरचा बोकड आणि मुलाच्या तोफेवरचा मेंढा ही एकाच घरातली आवड आहे, असे मी मानतो. दोन्ही ठिकाणी प्राणी वस्तू वापरणाऱ्याकडे असतो.

आता दांडपट्ट्याचे बघा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची लांबी आली, लवचीकपणा आला, बाजीप्रभूंचे नाव आले. त्याच्या खोबळ्याविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो आणि पुष्कळ पट्ट्यांवर, विशेषतः दक्षिणेकडच्या, त्या खोबळ्याच्या पुढच्या टोकाला मकराचे किंवा सिंहाचे तोंड असते. पाते त्या तोंडातून बाहेर येते. म्हणजे पाते झाली जीभ, आणि पट्टेकऱ्याचा हात त्या जनावराच्या पोटात. बाहेरच्या माणसाला दिसतो तो सिंह. आत हात घालून बसलेला मात्र आपला आपण जाणतो की या सिंहाची जीभ मीच हलवतो आहे. कळसूत्री बाहुलीवाल्याचीच ही युक्ती आहे. जपानी खेळ पात्यापासून दूर, म्यानावर आणि दोरीखाली चालतो. आमचा खेळ पाते जिथून निघते त्या उगमाशी चालतो. म्हणून तो पटकन खेळ वाटत नाही.

भाषेतही तो आहेच. बिचवा म्हणजे विंचू. वाघनख तर सांगायलाच नको. जाघनोल या कुऱ्हाडीच्या जातीच्या हत्याराच्या फारसी नावाचा अर्थ कावळ्याची चोच. उंटावरची हलकी तोफ ती जंबुरा, म्हणजे गांधीलमाशी. आपण ही नावे बखरींत वाचतो आणि पुढे जातो. गांधीलमाशी चावते हे खरे, पण उंटाच्या पाठीवर बसून गुणगुणणाऱ्या त्या छोट्या तोफेला हे नाव ज्याने दिले, तो सैनिक मला आवडतो.

लाखेचा मुद्दा इथे सांगितला पाहिजे, कारण मला तो फार दिवसांनी उलगडला. जपानी उरुशी आणि आपली लाख यांचा एकमेकींशी संबंध नाही. उरुशी झाडाचा चीक, लाख पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्याची. तरी इंग्रजीने दोघींना एकच नाव दिले आणि ते नाव आपल्या ‘लाख’ शब्दावरूनच गेले. आपल्या तलवारीत ही लाख असते, पण आत. पात्याची मागची निमुळती पट्टी मुठीच्या पोकळीत घालायची आणि वितळलेल्या लाखेच्या किंवा राळेच्या मिश्रणाने ती पोकळी भरून टाकायची. थंड झाली की पाते पक्के. जुनी मूठ ढिली झाली की आतून तपकिरी भुगा पडतो, तो हाच. म्यानावर आम्ही चामडे चढवले, मखमल चढवली. तोंडाशी मुहनाल आणि टोकाशी तहनाल हे धातूचे तुकडे लावले. जपान्यांनी जी चीज बाहेर चमकवली तिच्या जागी आमच्याकडे जी होती, ती आम्ही सांधा म्हणून आत लपवली.

याचा परिणाम असा की आमची मूठ सुटी निघत नाही. मेकुगी ठोकून नातवाने साज बदलावा, ही सोय नाही. मुठीवर जो प्राणी बसला तो पात्याबरोबर बसला, आणि पात्याबरोबरच जाणार. आणि लाख बाहेर आली ती कुठे? सावंतवाडीला. तिथल्या चिताऱ्यांनी ती लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफाच्या गोल पानांवर चढवली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती मरू घातलेली कला पुन्हा उभी केली, हे वाचकांना ठाऊक असेलच. मोगल पद्धतीच्या गंजिफात आठ रंग असतात आणि त्यांतला एक शमशेर, म्हणजे तलवार. तलवारीवर खेळ चढला नाही, तर तलवारच खेळात जाऊन बसली, असेही म्हणता येईल. पण ते शब्दांचे झाले. खरी गोष्ट मुठींची आहे आणि ती तंजावरला नेते.

तंजावरच्या भोसल्यांचे शस्त्रागार हा या साऱ्या कलेचा सर्वांत समृद्ध साठा होता. तिथल्या कट्यारी जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि पाहताक्षणी ओळखू येतात. हाताच्या पाठीवर नागाच्या फण्यासारखी उभी राहणारी जाळीदार ढाल, बाजूच्या पट्ट्यांवर याळी, मकर, पोपट, एकमेकांच्या शेपट्या गिळणारे प्राणी. यातले बरेचसे काम नायकांच्या काळातले, पुढे मराठ्यांनी जपलेले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. शस्त्रागाराची नंतर मोडतोड झाली. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, उरलेल्यातले पुष्कळसे भंगाराच्या भावाने लोखंड म्हणून गेले. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या वॉलहाउस नावाच्या अधिकाऱ्याने १८७८ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त या शस्त्रागारावर लेख लिहिला. त्याच वर्षी हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कायदा आला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७६ मध्ये, जपानच्या सरकारने तलवारी लावून फिरण्यावर बंदी घातली होती.

दोन देश, दोन वर्षांचे अंतर, आणि मुठींचे नशीब अगदी वेगळे. जपानी साज सुटा होता, हलका होता. तो खुंटी काढून विकता आला. युरोप-अमेरिकेच्या संग्राहकांनी त्सुबा आणि मेनुकी पेट्या भरभरून नेल्या. साज घडवणारे कारागीर डबे, फुलदाण्या, पिना घडवू लागले. परदेशी गेले खरे, पण ससा ससाच राहिला. आमची मूठ लाखेने पात्याला जखडलेली. पाते भट्टीत गेले की पोपटही गेला. लिलाव वजनावर होतो, आणि पोपटाला वजन किती असणार? मलिक-ए-मैदानही १८५४ मध्ये अशीच लिलावाला निघाली होती. सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली. विक्री रद्द झाली म्हणून तो जबडा आणि जबड्यातला हत्ती आज विजापूरला आहे.

आमचा मुलूख निजामाचा, ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा. इथल्या जुन्या वाड्यांत अजून एखादी तलवार निघते. खंडेनवमीला ती देवघरासमोर पाटावर येते, हळदकुंकू, झेंडूचे फूल, आणि वर्षभर पुन्हा कपाटावर. मी ओळखीपाळखीने अशा घरांत जातो. शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रे काचेआड नीट ठेवलेली आहेत. घरातली मात्र हातात घेता येतात, आणि मुठीचे खरे पाहायचे तर ती हातातच घ्यावी लागते. पैठणच्या बाजूच्या एका घरात मला माझा सर्वांत आवडता नमुना मिळाला. मूठ लोखंडी, वर कटोरी, बोटांवरून येणारी परज, आणि परजेचे टोक बाहेर वळून त्याचा पोपट झालेला. चोच बाकदार, डोळ्याच्या जागी खळगा, कधीकाळी तिथे खडा असावा. तलवार म्यानात घालून कमरेला लावून पाहिली तेव्हा कळले की पोपट समोर येणाऱ्या माणसाकडे मान वळवून पाहतो. उपसलेल्या तलवारीत तो कोणालाच दिसत नाही. तो दरबारात, पानसुपारीला, लग्नाच्या मांडवात दिसणार.

घरातल्या आजी म्हणाल्या, ‘‘अहो दादा, लढाईची तलवार ती. तुम्ही पोपटाचं काय घेऊन बसलात?’’ त्यांच्या नातवाला तर पोपट जरा अडचणीचाच वाटत होता. त्याने मोबाइलवर तलवारीचा फोटो ठेवला होता, तो पात्याचा. पोपट कापला गेला होता.

माझे भांडण त्या मुलाशी नाही. त्याला जे शिकवले गेले ते त्याने केले. संग्रहालयांतल्या पाट्याही हेच करतात. ‘मराठा तलवार, लोखंड, अठरावे शतक’ एवढे लिहिले की झाले. मुठीवर मकर असेल, सिंह असेल, तर क्वचित उल्लेख. पोपट, मोर, कमळाची कळी असेल तर तोही नाही. शौर्याला शोभत नाही म्हणून आपण तो पाहायचा टाळतो. हेच पोपट अडकित्त्यावर असले की आपण कौतुक करतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले पोपटांचे, घोड्यांचे अडकित्ते पाहायला माणसे मुद्दाम जातात. अडकित्ताही लोखंडाचा, धारेचा, आणि हात तसाच सफाईचा. अडकित्ता घरातला म्हणून त्याला हसायची मुभा, तलवार रणातली म्हणून तिने गंभीरच असले पाहिजे, ही वाटणी आपली आहे. ज्यांनी त्या घडवून घेतल्या त्यांनी ती केलेली नव्हती. अली आदिलशहाला ड्रॅगनच्या विळख्यात हात घालायला संकोच वाटला नाही. पैठणकडच्या त्या अनाम शिलेदाराने पोपट मागून घेतला, त्यासाठी लोहाराला चार पैसे जास्त मोजले असतील, आणि तीच तलवार घेऊन तो मोहिमेवर गेला असेल. त्याला भित्रा ठरवल्याशिवाय हा पोपट समजून घेता येत नसेल, तर उणीव आपल्या इतिहासात आहे.

शांतता आली म्हणून खेळ आला, हे जपानचे सूत्र दख्खनला म्हणूनच चालत नाही. मला उलटेच दिसते. ज्याला हत्यार रोज हाताळावे लागे, मरणाशी रोज गाठ होती, त्यालाच हातात काही ओळखीचे, थोडे मायेचे हवे असे. गोलंदाजाला तोफ फुटायची भीती शत्रूइतकीच. त्याच्यापुढे मेंढा ठेवणाऱ्याला हे ठाऊक असणार.

सध्या एक व्यावहारिक काळजी आहे. खंडेनवमीच्या आधी तलवारी भांडी घासायच्या पावडरीने आणि काथ्याने घासतात. लोखंड चकचकीत होते, आणि मुठीवरची कोफ्तगिरी, म्हणजे चरे पाडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याचांदीची तार, दर वर्षी थोडी थोडी उडते. आधी जातात त्या बारीक रेषा : पिसे, डोळ्याचे वर्तुळ, चोचीची कड. दहा-वीस दसऱ्यांत पोपटाचे नुसते बोंडूक उरते, आणि मग त्याला पोपट म्हणायला पुरावा राहत नाही. मऊ सुती कापड आणि खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे. हे मी जाईन तिथे सांगतो. काही घरांत ऐकतात.

माझ्या वहीत आजवर एकशे सात मुठी झाल्या आहेत. त्यांतल्या चौतीस मुठींवर प्राणी किंवा पक्षी आहे. चौतीसपैकी एकोणीस धारकाकडे किंवा त्याच्या सोबत्यांकडे पाहतात, अकरा शत्रूकडे, आणि चार इतक्या झिजल्या आहेत की तोंड कोणतीकडे होते ते बोटाने चाचपूनच ठरवावे लागले. पैठणकडच्या मुठीपुढे मी लिहिले आहे : परजेच्या टोकाला पोपट, मान बाहेर, डोळ्यातला खडा पडलेला, डाव्या पंखावर तीन रेषा शिल्लक.